चिकोपांच्या खिशातल्या शेंगा

सहा आठवड्यांत यान्खो म्वासेने देवाचं नाव घेतलं नसेल तितक्या वेळा एकच शब्द उच्चारला होता: ‘दिसतंय.’

डॉक्टरकी शिकणाऱ्याला डोळ्यांच्या विभागात सहा आठवडे काढावे लागतात. विभागात विद्यार्थी बारा, पेशंट पुष्कळ आणि ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे बाहुलीतून आत डोकावून डोळ्याचा मागचा पडदा बघायची ती हातातली बॅटरी, फक्त एक. तिचाही सेल अर्धमेला. डॉ. श्रीमती न्यालुग्वे एखाद्या म्हाताऱ्याला खुर्चीत बसवायच्या, बाराजणांना रांगेत उभं करायच्या आणि म्हणायच्या, "आत एक गुलाबी चकती आहे. तिच्या कडा बघा."

पहिला वाकायचा. त्याला दिसायचा तांबूस अंधार आणि जाणवायचा म्हाताऱ्याचा श्वास. पण मागे अकराजण ताटकळलेले, समोर मॅडम घड्याळाकडे बघतायत. तो म्हणायचा, "दिसतंय, मॅडम. कडा स्पष्ट." झालं! पहिल्याला दिसल्यावर दुसऱ्याला न दिसून कसं चालेल? आणि अकरांना दिसल्यावर बाराव्याची काय बिशाद! यान्खो बारावा असायचा. एकदा त्याला बॅटरी धरून जरा जास्तच वेळ लागला, तर खुर्चीतला म्हाताराच कुजबुजला, "लेका, ‘कडा स्पष्ट’ म्हण. सगळे तेच म्हणाले आणि बाई खूश झाल्या."

यान्खो म्हणाला. बाई खूश झाल्या.

अशा रीतीने त्याच्या वहीतले चाळीसपैकी एकोणचाळीस चौकोन भरले. प्रत्येक चौकोनात एक काम छापलेलं. अमुक पाहिलं, तमुक तपासलं, ढमुक ऑपरेशनला हजर होतो. त्यापुढे मॅडमची सही. सह्या बहुतेक व्हरांड्यात, जिन्यात, एक तर मॅडम गाडीत बसता बसता घेतलेली. उरला चाळिसावा: ‘खेड्यातल्या शिबिरात शंभर माणसांची नजर तपासली आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी यादी केली.’ ही एक सही शुक्रवारपर्यंत झाली तर अंतिम परीक्षेला बसता येणार. नाही तर सहा महिने मागे, पुढच्या तुकडीबरोबर. आणि तिकडे आईने पदवीदानाच्या दिवसासाठी निळं-पिवळं कापड आणून पेटीत ठेवलेलं, गावच्या चर्चमध्ये आभाराच्या प्रार्थनेचा दिवससुद्धा बोलून ठेवलेला.

म्हणून बुधवारी सकाळी यान्खो गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून जीपमध्ये बसला, तेव्हा त्याच्या मनात डोळे नव्हते, चौकोन होता.

"डॉक्टरसाहेब," शेजारी बसलेले चिकोपा म्हणाले, "ते गळ्यातलं कशाला? डोळ्याचे ठोके ऐकणार आहात का?"

बाम्बो, म्हणजे वडीलधाऱ्याला आपण म्हणतो तसं बाबा, चिकोपा हे डोळ्यांचे क्लिनिकल ऑफिसर. डॉक्टरची पदवी नाही, पण अठ्ठावीस वर्षं मोतीबिंदू काढतायत. मुलांजे डोंगराच्या पायथ्याचे निम्मे म्हातारे त्यांच्या हातून जग बघतात. जाडजूड माणूस, अंगात विणलेला स्वेटर आणि स्वेटरच्या दोन्ही खिशांत भुईमुगाच्या भाजलेल्या शेंगा.

"सवय आहे, बाम्बो," यान्खो ओशाळून म्हणाला.

"असू दे, असू दे. लोकांना बरं वाटतं. मॅडम उद्या दुपारी येतायत. त्यांना अजून तीन शिबिरं बघायची आहेत, त्यामुळे यादी नीटनेटकी असली की सही करतील. यादीत माणसं असली तर मी तिथल्याच दवाखान्यात ऑपरेशनं करीन. नसली तर सामान बांधून पुढच्या गावी. समजलं?"

यान्खोला ‘सही’ एवढं नीट समजलं.

चिंगोलो गावचं चर्च विटांचं, वर पत्रा, दारात तीन पायऱ्या. जूनचा महिना, डोंगरावरून बोचरं धुकं उतरत होतं आणि माणसं चादरी पांघरून बाकांवर दाटीवाटीने बसली होती. व्यासपीठाशेजारी तक्ता टांगलेला होता. तीन पायांच्या आडव्या-उभ्या खुर्चीसारखी एकच आकृती, पाच ओळींत, खाली खाली बारीक होत गेलेली. पाय ज्या बाजूला, त्या बाजूला हात करून दाखवायचा. अक्षर न येणाऱ्यालाही जमेल असा. नियम साधा होता: पहिल्या ओळीपुढे ज्याला जाता येत नाही, तो यादीत.

पण आधी प्रवचन. अबुसा म्तेन्जे, गावचे पाद्री, काटकुळे आणि खणखणीत आवाजाचे, उभे राहिले. त्यांचं प्रवचन कागदावर उतरवायचं नव्हे, कानांनी प्यायचं. ते बोलता बोलता कधी गाऊ लागतात हे त्यांनाही कळत नसावं. वाक्य अर्धं सोडायचं आणि मंडळींनी ते पुरं करायचं, अशी तिथली रीत. अर्धं वाक्य हवेत लटकत ठेवणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारण्यासारखं.

"देवाने घरात दिवा ठेवला," अबुसा गाऊ लागले, "काचेवर धरली..."

"काजळी!" बाक गरजले.

"घरधनी म्हणतो, दिवा..."

"विझला!"

"अरे वेड्या, दिवा कुठला विझतो? तू फक्त काच..."

"पुस! पुस! पुस!"

आणि त्या तिसऱ्या ‘पुस’वर बायकांच्या बाकावरून एक आवाज उठला, जुन्या तांब्याच्या भांड्यासारखा, खोल आणि उबदार. त्याने सुरावट उचलली आणि सगळं चर्च त्याच्या मागे निघालं. आगोगो लेझिनाचा आवाज. आगोगो म्हणजे आजी. गावातली कुठलीही प्रार्थना तिने उचलल्याशिवाय सुरू होत नसे. यान्खोच्या अंगावर काटा आला. दोन मिनिटं तो आपली वही विसरला. तेवढ्यात गाणं थांबलं आणि वही आठवली.

चिकोपा दारात, पायऱ्यांच्या बाजूला स्टुलावर बसले आणि शेंगा फोडू लागले. ‘अठ्ठावीस वर्षं नोकरी झाली की माणूस असाच होतो,’ यान्खोला वाटलं. त्याने कामाला सुरुवात केली.

आणि काय काम झालं म्हणता! असं काम त्याच्या जन्मात झालं नव्हतं. माणूस उभा राहायचा, तळहाताने एक डोळा झाकायचा आणि यान्खोची काठी तक्त्याला लागायच्या आधी हात वळायचा. डोंगराकडे, आभाळाकडे, चहाच्या मळ्याकडे, मातीकडे. पाचव्या ओळीपर्यंत एकही चूक नाही! बाकांवर मंद गुणगुण चालू होती, तिच्या तालावर रांग सरकत होती. यान्खो खुणा करत होता: पूर्ण नजर, पूर्ण नजर, पूर्ण नजर. पन्नाशीला पोचेपर्यंत त्याच्या मनात एक लेख तयार व्हायला लागला होता. मुलांजेच्या पायथ्याच्या वृद्धांची असामान्य दृष्टी. कारणं: डोंगरावरची हवा, सुकी मासळी, शांत आयुष्य. लेखाखाली आपलं नाव कसं दिसेल तेही त्याने बघून ठेवलं.

एकसष्टावी आगोगो लेझिना. तिच्या वहिनीने तिला दंडाला धरून आणलं आणि खुणेच्या जागी उभं केलं. लेझिनाने तोंड केलं मागे उभ्या असलेल्या अबुसांच्या दिशेला. तक्ता तिच्या पाठीशी.

"आगोगो, इकडे," यान्खो म्हणाला आणि तिचे खांदे धरून तिला अलगद वळवलं.

"देव तुझं भलं करो, लेका," आगोगो म्हणाली. तिने उजवा डोळा झाकला आणि हात फिरवला: डोंगर, आभाळ, मळा, माती. एक चूक नाही.

यान्खोने खूण केली. पूर्ण नजर.

उन्हं उतरायला लागली तेव्हा एकशे बारा माणसं झाली होती. ऑपरेशनच्या यादीचा कागद कोरा करकरीत. यान्खो खुशीत दारापाशी गेला. "बाम्बो, एकालाही मोतीबिंदू नाही! एकशे बारामधे एकही नाही!"

"अरे वा," चिकोपा म्हणाले. "देवाची कृपा." त्यांनी स्वेटरचा उजवा खिसा उलटा करून शेंगा स्टुलावर ओतल्या, मोजल्या, परत खिशात भरल्या. "तेवीस," ते म्हणाले.

"काय तेवीस?"

"शेंगा. डावा खिसा खायचा, उजवा मोजायचा. जो माणूस उतरताना पहिल्या पायरीला पायाने चाचपतो, त्याच्या नावाची एक शेंग डावीकडून उजवीकडे. ही माझी जुनी खोड आहे, तुम्ही मनावर घेऊ नका. तुमच्याकडे तक्ता आहे, माझ्याकडे नुसत्या पायऱ्या. तुम्ही डॉक्टर होणार, मी क्लिनिकल ऑफिसर. मॅडम तक्त्याच्या आकड्यांवर सही करतात. शेंगांवर करत नाहीत."

एवढं बोलून ते चहा प्यायला गेले. जाता जाता त्यांनी एक शेंग यान्खोच्या हातावर ठेवली. ती कुठल्या खिशातली होती ते सांगितलं नाही.

शेंग मुठीत धरून यान्खो चर्चमागे गेला. तिथे आगोगो लेझिना भोपळ्याची पानं सोलत बसली होती, बोटांनीच शिरा चाचपून, आणि गुणगुणत होती. दुपारभर बाकांवरून येत होती तीच चाल. आता शब्दही कळत होते:

"आधी डोंगराकडे, मग आभाळाकडे,
मळ्याकडून फिरा, झुका मातीकडे,
हात ज्याचा वळे तोच पार पडे..."

यान्खो जागच्या जागी बसला. "आगोगो," तो म्हणाला, "मी कसा दिसतो?"

"तू?" ती हसली. "तू एक आवाज आहेस, लेका. सभ्य आवाज. खांदे हळू धरतोस."

"म्हणजे तक्ता..."

"कसला असतो तो? लाकडी असतो का? तीन आठवडे अबुसांनी गाणं बसवून घेतलं, आम्ही पाठ केलं. पाच कडवी आहेत. मीच सूर लावून दिला."

"पण तुला दिसत नाही हे तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू खांदे धरून वळवलंस, तेव्हा मला वाटलं तुला कळलंय. डॉक्टरला कळतंच की." तिचे हात पानांवर थांबले. "आणि खरं सांगू? अबुसा दर रविवारी विचारतात, ‘प्रकाश दिसतो का?’ सगळं चर्च म्हणतं, ‘दिसतो!’ आता एवढ्या माणसांत एकटीने ‘नाही’ कसं म्हणायचं? दिसतो म्हणायचं आणि आशेवर राहायचं. तुला नाही कळायचं ते."

यान्खोला ते इतकं कळलं की त्याला तिथून उठवेना.

अबुसांना गाठलं तेव्हा ते चुलीपाशी न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या घट्ट उकडीचं, भांडं उतरवत होते. सगळं ऐकून त्यांनी भांडं परत चुलीवर ठेवलं. "म्हणजे परीक्षेत नापास व्हायचं होतं?"

"ही परीक्षाच नव्हती, अबुसा!"

"कसं नव्हती? महिन्यापूर्वी शिबिराच्या कागदासोबत तक्त्याचं चित्र आलं. मी देवाचे आभार मानले! म्हटलं, पहिल्यांदाच कुणीतरी प्रश्नपत्रिका आधी पाठवली. मागे बियाणंवाले आले होते, त्यांनी प्रश्न विचारले. ज्यांना उत्तरं आली त्यांना बियाणं, बाकीचे हात हलवत घरी. त्याआधी शेळ्यांवाले आले, तीच गत. मी व्यासपीठावरून शपथ घेतली की यावेळी माझ्या कळपातलं एकही मेंढरू मागे राहणार नाही." त्यांनी डोक्याला हात लावला. "आणि राहिलं नाही, डॉक्टर. एकही राहिलं नाही!"

रात्र यान्खोने कुशी बदलण्यात काढली. कोरी यादी नीटनेटकी होती, तिच्यावर मॅडम सही करणार यात शंका नव्हती. यादी फाडायची म्हणजे एकशे बारा खुणा खोट्या होत्या हे कबूल करायचं आणि चौकोन गेला, सहा महिने गेले, आईचं कापड पेटीत राहिलं. पण डोळे मिटले की खांदे धरून वळवलेली ती म्हातारी समोर यायची. ‘देव तुझं भलं करो’ म्हणणारी. पहाटे त्याने यादी फाडली.

गुरुवारी सकाळी अबुसांनी सगळ्यांना पुन्हा गोळा केलं. मनाचा मोठा माणूस. त्यांनी आपली चूक व्यासपीठावरून सांगितली, आणि सांगता सांगता नेहमीप्रमाणे गाऊ लागले. "डॉक्टर विचारील, दिसतं का? न दिसणाऱ्याने न लाजता म्हणावं..."

"नाही!"

"मोठ्याने म्हणा!"

"नाही! नाही! नाही!"

यान्खोने समाधानाने तक्ता उलटा टांगला आणि पहिल्या माणसाला बोलावलं.

"दिसतं का?"

"नाही."

दुसरा आला. "नाही." तिसरा, चौथा, दहावा, विसावा. कालचं अख्खं गाव गरुडाच्या नजरेचं होतं. आज अख्खं गाव आंधळं! शाळेच्या हेडमास्तरांची तरुण बायको तर सुईत दोरा ओवता ओवता "नाही" म्हणाली.

"बाई, सुई दिसते ना तुम्हाला?"

"सुई दिसते, डॉक्टर, पण अबुसांनी शिकवलंय ते मोडायचं कसं? आणि नापासच पास असेल, तर मी एकटीनेच का मागे राहावं?"

मागून टाळ्या पडल्या. यान्खोने काठी खाली ठेवली. बारा वाजता मॅडम येणार होत्या. तो दारापाशी गेला.

"बाम्बो, तक्ता संपला. आता काय करू?"

चिकोपांनी त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट, नखशिखांत बघितलं. मग स्टुलावरून उठले आणि डाव्या खिशातल्या मूठभर शेंगा त्याच्या कोटाच्या खिशात घातल्या. "बसा इथे. सगळ्यांना बाहेर पाठवा आणि एकेकाला परत आत बोलवा. काही विचारू नका. पायरीवर पाय कसा पडतो ते बघा. मग टॉर्च घ्या आणि बाहुली बघा, काळी आहे की पांढुरकी. बाहुलीला गाणं पाठ करता येत नाही. आणि ते गळ्यातलं माझ्याकडे द्या. वाकलात की पेशंटच्या नाकावर आपटतं."

यान्खो स्टुलावर बसला. अबुसांनी बाहेर अंगणात प्रार्थना धरली, म्हणजे कुणाला कुणाची मदत करायची संधीच नको. आणि एकेक माणूस पायऱ्या चढू लागलं.

काल यान्खोने एकशे बारा हात बघितले होते. आज तो माणसं बघत होता. हा एकजण पायरीवर पाय ठेवण्याआधी तळवा हवेत अर्धा क्षण थांबवतो. ही एक पायऱ्या मोजत चढते, तिच्या ओठांची हालचाल दिसते. हा एक ऐटीत चढतो आणि टोपी चौकटीला आपटते. प्रत्येकाची हनुवटी धरून तो टॉर्चच्या उजेडात डोळ्यात बघत होता. कुणाच्या बाहुलीत पिठूळ ढग, कुणाच्या बाहुलीत पांढरा मणी. एका म्हाताऱ्याच्या दोन्ही बाहुल्या स्वच्छ काळ्या, तरी पाय चाचपडत होता.

"बाम्बो, याला मोतीबिंदू नाही, पण दिसत नाही."

"आतला आजार. शहरात पाठवायचा. वेगळा कागद करा." चिकोपा म्हणाले, "ही चांगली पकडलीत."

सहा आठवड्यांत एवढे बारके शब्द एवढे गोड लागले नव्हते.

आगोगो लेझिना आली. पहिल्या पायरीला तिने पायाच्या अंगठ्याने विचारलं, दुसरीला विचारलं, तिसरीला विचारलं. यान्खोने टॉर्च धरला. दोन्ही डोळ्यांत चुन्यासारखे पांढरे ठिपके, लांबूनही दिसावेत असे. काल तिला हाताने धरून वळवताना हे डोळे त्याच्या तोंडापासून वीतभरावर होते.

"आगोगो, मला माफ कर."

"अरे, तोच आवाज!" ती म्हणाली. "आज खांदे नाही धरलेस?"

बारा वाजून गेल्यावर मॅडमची गाडी आली. डॉ. न्यालुग्वे उतरल्या त्याच पेन उघडून. "म्वासे, यादी?"

यान्खोने कागद दिला. एकवीस नावं, प्रत्येक नावापुढे डावा-उजवा डोळा, आणि वेगळ्या कागदावर दोन. त्या सही करणार एवढ्यात तो म्हणाला, "मॅडम, थांबा. काल मी एकशे बारा माणसं तपासली आणि एकशे बारा चुकलो. आजची यादी माझी एकट्याची नाही. बाम्बो चिकोपांनी शिकवली." मग श्वास न घेता त्याने पुढचंही सांगून टाकलं. "आणि चकती मला कधीच दिसलेली नाही. एकदाही नाही. मी दर वेळी ‘दिसतंय’ म्हणालो."

अंगणातली प्रार्थना थांबली होती. सगळं गाव ऐकत होतं.

मॅडमनी त्याच्या हातातून वही घेतली. पानं उलटली. एकोणचाळीस चौकोन. "यातलं तू खरोखर काय काय पाहिलंस?"

"खरं सांगू, मॅडम? तुमची सही."

कुणीतरी फिसकन हसलं. चिकोपा शेंग फोडत आभाळाकडे बघत होते. मॅडमनी आपल्याच एकोणचाळीस सह्या एकापाठोपाठ एक बघितल्या. जिन्यातली, व्हरांड्यातली, गाडीत बसतानाची वाकडीतिकडी. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"तू न बघता ‘दिसतंय’ म्हणालास आणि मी न बघता सही केली," त्या म्हणाल्या. "दोघांच्याही काचेवर सारखीच काजळी." अबुसांचं प्रवचन त्यांनी ऐकलेलं नव्हतं, पण त्या भागात काजळी धरलेल्या काचेशिवाय दिवा कुणी बघितलाय? त्यांनी पेन धरलं आणि एकोणचाळीसही चौकोन तिरप्या रेघेने खोडले. चाळिसावा रिकामाच ठेवला. "या वेळी परीक्षेला बसता येणार नाही, म्वासे. आणि मी आता पुढच्या शिबिराला जात नाही. उद्या सकाळपर्यंत इथेच आहे. चिकोपा, मला मदतीला घ्याल का? माझ्या हाताची सवय जरा सुटलीय."

"या की, मॅडम," चिकोपा म्हणाले. "हात धुवायची जागा तिकडे."

यान्खो पायरीवर बसला. आईला काय सांगायचं, हा विचार धुक्यासारखा अंगावर आला आणि पेटीतल्या निळ्या-पिवळ्या कापडाचं तो चिकोपांपाशी बोलून गेला. चिकोपा जाता जाता त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "कापड आंबत नाही, डॉक्टर. सहा महिन्यांनी तेवढंच निळं असतं."

शुक्रवारी सकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात एकवीस माणसं एकेका डोळ्यावर पट्टी बांधून भिंतीला टेकून बसली होती. समोर गाव. चिकोपा एकेक पट्टी सोडत होते आणि दर पट्टीला आधी शांतता, मग किंकाळी, मग गाणं. लेझिनाची पट्टी सुटली. तिने डोळ्याची उघडझाप केली. पहिल्यांदा डोंगर बघितला, होता तिथेच होता. मग वहिनीला म्हणाली, "अगं, तू म्हातारी झालीस!" मग अबुसांना न्याहाळत, "एवढ्याशा माणसातून एवढा आवाज?" शेवटी समोरच्या पोराकडे वळली. "हा तो सभ्य आवाज ना? काय रे, तुला कुणी जेवायला घालत नाही?"

यान्खोने तक्ता धरला. लेझिना बराच वेळ बघत राहिली. "यावर आम्ही गाणं केलं?" ती म्हणाली. "या मोडक्या खुर्च्यांवर?" मग हात वळवू लागली, सावकाश, न गाता. पहिली ओळ बरोबर. दुसरी बरोबर. तिसरीत एक चुकली. चौथीला ती थांबली. सगळ्या गावाचे ओठ मदतीला हलू लागले, तेव्हा अबुसांनी मागे वळून दोन्ही हात वर केले आणि जन्मात पहिल्यांदा आपलीच मंडळी गप्प बसवली.

"ही नाही दिसत," आगोगो लेझिना ठणकावून म्हणाली.

यान्खोने तेवढंच लिहिलं.

मग त्याने मॅडमच्या गाडीतली, चकती बघायची ती विभागातली बॅटरी घेतली. मॅडमनी सेल नवीन आणले होते. ऑपरेशनआधी घातलेल्या औषधाने बाहुली अजून मोठी होती. तो वाकला. तांबूस अंधार, म्हातारीचा श्वास, सगळं ओळखीचं. मागे रांग नव्हती. तो थांबला, किंचित डावीकडे सरकला, परत थांबला. एक लाल धागा दिसला. धाग्याच्या मागे मागे जात राहिला, धागा जाड झाला, त्याला दुसरा येऊन मिळाला, आणि अचानक...

त्याने बॅटरी आहे तिथेच घट्ट धरली.

"काय दिसलं?" मॅडम म्हणाल्या.

"चंद्र, मॅडम. फिकट, केशरी. त्यातून लाल ओढे निघालेत. नाकाकडची कड दिसली. कानाकडची दोनदा निसटली."

"परत बघ."

त्याने परत बघितलं. आगोगो मुळीच हलली नाही. काल तिच्या डोळ्यातून बाहेरचं आत जात नव्हतं आणि बाहेरच्याला आतलं दिसत नव्हतं. एकच काच पुसली आणि दोन्हीकडचा कारभार सुरू झाला. अबुसा उगाच गात नाहीत.

"दिसली, मॅडम. पण खालची थोडी धूसर वाटते. ती तशीच आहे की मला नीट दिसत नाही, ते कळत नाही."

मॅडमनी बॅटरी घेतली, स्वतः वाकल्या आणि पुष्कळ वेळ बघत राहिल्या. मग वही मागितली, खोडलेल्या पानामागच्या कोऱ्या पानावर नवीन चौकोन आखला आणि त्यात एकच सही केली. सावकाश, पूर्ण नावानिशी.

तोवर गाडीत सामान चढलं होतं. चिकोपा अबुसांच्या अंगणातून भाजलेल्या शेंगांची मोठी पुडी घेऊन आले आणि निम्म्या यान्खोच्या खिशात ओतल्या.

"चला, डॉक्टर," ते म्हणाले. "पुढच्या गावच्या चर्चला पाच पायऱ्या आहेत."